अ‍ॅल्युमिनिअम महागलं, पण म्हणून एटीव्हीखाली प्लास्टिकची प्लेट लावावी का?

जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या स्टील आणि अ‍ॅल्युमिनिअमवरचं टॅरिफ २५ टक्क्यांवरून थेट ५० टक्क्यांवर नेलं. ब्रिटनला तेवढी सूट मिळाली. मग चर्चा सुरू झाली कारची, कोल्ड्रिंकच्या कॅनची, विमानांची. पण अ‍ॅल्युमिनिअम लागतं अशा छोट्या वस्तूंची यादी फार मोठी आहे. त्यातलीच एक वस्तू म्हणजे एटीव्हीच्या पोटाखाली लावायची संरक्षक प्लेट, म्हणजेच स्किड प्लेट.

ही प्लेट अ‍ॅल्युमिनिअमची चांगली की प्लास्टिकची, हा वाद अमेरिका आणि कॅनडातल्या ऑफ-रोडिंगवाल्यांमध्ये बराच जुना आहे. धातू महागला की साहजिकच प्लास्टिककडे बघणारे वाढतात. त्यात प्लास्टिकची जाहिरातही जोरदार असते. ‘बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये वापरतात तेच मटेरियल’ असं म्हटलं की गिऱ्हाईक निम्मं पटलेलंच असतं.

आता यात खरं किती, जाहिरात किती आणि कोणी काय घ्यावं, हे नीट समजून घेऊ.

आधी एटीव्ही आणि स्किड प्लेट म्हणजे काय ते बघू

एटीव्ही म्हणजे चार जाडजूड टायरची, हँडलवाली, घोड्यावर बसावं तसं बसून चालवायची गाडी. आपल्याकडे ती समुद्रकिनाऱ्यावर किंवा रिसॉर्टमध्ये पर्यटकांना चक्कर मारून आणते. अमेरिकेत मात्र ती बऱ्याच घरांत कामाची गाडी आहे. शेताचं कुंपण बघायला, गुरांमागे जायला, शिकारीला, बर्फ बाजूला करायला ती वापरतात. १९७० मध्ये होंडाने अमेरिकेत तीन चाकांची गाडी आणली, तिथून हा प्रकार सुरू झाला. तीन चाकांच्या गाड्या उलटायच्या फार, म्हणून १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर कंपन्यांनी त्यांची विक्री थांबवली आणि चार चाकांचं राज्य आलं.

या गाडीचं वजन साधारण अडीचशे ते साडेतीनशे किलो. त्यावर माणूस आणि सामान. आणि ती जाणार कुठून, तर दगड, झाडांची खोडं, ओढे आणि चिखल यांतून. अशा वेळी खालून एक टोकदार दगड इंजिनच्या तळाला लागला तर काय होतं? ऑइल गळतं, इंजिन जाम होऊ शकतं आणि तुम्ही जंगलात जिथे असाल तिथेच अडकता. मोबाईलला रेंज नसलेल्या जागी हे फक्त खर्चाचं प्रकरण राहत नाही.

म्हणून गाडीच्या पोटाखाली एक जाड पत्रा किंवा पाट लावतात. तीच स्किड प्लेट. आपल्याकडे हिमालयन घेऊन लडाखला जाणारे ‘बॅश प्लेट’ म्हणतात, ती याचीच सख्खी बहीण.

कंपनीकडून गाडी येते तेव्हा बहुतेक वेळा खाली पातळ, साच्यात ओतलेली प्लास्टिकची प्लेट असते. चिखल आणि खडी अडवायला ती पुरते. दगडावर गाडी टेकली की ती तडकते. म्हणून लोक बाहेरून काहीशे डॉलर टाकून चांगली प्लेट बसवतात, आणि तिथेच प्रश्न येतो, अ‍ॅल्युमिनिअम की प्लास्टिक?

जाहिरातीतलं ‘ते’ प्लास्टिक नेमकं कोणतं?

त्याचं नाव यूएचएमडब्ल्यू पॉलिथिन. लांबलचक नावाचा अर्थ साधा आहे. आपली कॅरीबॅग ज्या पॉलिथिनची, त्याच कुळातलं हे प्लास्टिक. फरक एवढाच की याचे रेणू प्रचंड लांब असतात. रेणुभार साधारण ३० ते ६० लाख. या लांब साखळ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की ते सहज तुटत नाही, झिजत नाही आणि घसरतं मात्र मस्त.

हे प्लास्टिक तुमच्या घरातही असू शकतं. आजी-आजोबांच्या गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर आत धातूच्या जोडीला जो पांढरा तुकडा बसवतात तो बहुतेक वेळा याच जातीचा. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नले यांनी आधी खुब्याच्या सांध्यासाठी टेफ्लॉन वापरून पाहिलं. ते फार लवकर झिजलं. मग १९६२ मध्ये ते या पॉलिथिनकडे वळले आणि सांधेरोपणाचं चित्रच बदललं. कोळशाच्या घसरगुंड्या, डंपरच्या आतलं अस्तर, बाटल्या भरायच्या कारखान्यातल्या पट्ट्या, जिथे सतत घासाघीस होते तिथे हेच प्लास्टिक दिसतं.

आता राहिला बुलेटप्रूफ जॅकेटचा मुद्दा. तो अर्धसत्य आहे. जॅकेटमध्ये याच प्लास्टिकचे खास पद्धतीने ताणलेले तंतू असतात, त्यांचे अनेक थर दाबून बसवलेले असतात. तंतू ताणले की रेणू एका दिशेत येतात आणि ताकद कैक पटींनी वाढते. गाडीखाली लागते ती मात्र दाबून केलेली साधी शीट. पॉलिमर तोच, वस्तू वेगळी. कापसाचं बोळं आणि कापसाचा दोर यांत जितका फरक, तितका. त्यामुळे ‘बुलेटप्रूफ’ हा शब्द ऐकून खिशात हात घालू नका.

मग प्लास्टिकवाले एवढे खूश का असतात?

कारण या प्लेटचं काम नाव वाचलं तरी कळतं. स्किड म्हणजे घसरणं. प्लेटने दगडाशी मारामारी करायची नसते, गाडीला त्या दगडावरून सरकवून पुढे न्यायचं असतं.

अ‍ॅल्युमिनिअम हा तसा मऊ धातू. टोकदार खडकावर गाडी टेकली की त्यात खोबण पडते आणि खडक त्या खोबणीत अडकतो. गाडी तिथेच बसते. मागचं चाक फिरतंय, गाडी जागची हलत नाही, हा प्रकार तिथूनच येतो. यूएचएमडब्ल्यूचं घर्षण फार कमी असतं. गुळगुळीत स्टीलवर त्याचा घर्षणांक साधारण ०.१ ते ०.२ येतो. खडक काही गुळगुळीत स्टील नसतो, तरीही धातूच्या तुलनेत ही प्लेट जास्त सहज सरकते.

दुसरा फायदा आवाजाचा. धातूच्या पत्र्यावर खडी उडाली की डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. प्लास्टिकवर नुसता धप्प.

तिसरा फायदा थंडीचा. साधं पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं. यूएचएमडब्ल्यू मात्र मिनेसोटा किंवा कॅनडाच्या उणे ३० अंशांतही धक्का सोसतं. तिकडच्या लोकांसाठी हा मुद्दा मोठा आहे.

चौथा फायदा, अ‍ॅल्युमिनिअमला पोचा पडला की तो तसाच राहतो. कधीकधी वाकलेला पत्रा उलट इंजिनलाच टेकतो, त्याचे बोल्ट निघत नाहीत. प्लास्टिक वाकतं आणि पुन्हा बरंचसं जागेवर येतं.

पण या वाकण्यातच त्याची पहिली कमजोरी आहे. प्लेट वाकून जर वरच्या ऑइल पॅनला टेकत असेल तर मार शेवटी पॅनलाच बसतो. म्हणून प्लास्टिकची प्लेट चांगली की वाईट हे नुसत्या जाडीवर ठरत नाही. तिला मागून फ्रेमच्या नळ्यांचा आधार कुठे कुठे आहे आणि प्लेट ते इंजिन यात मोकळी जागा किती आहे, यावर ठरतं.

‘वजनाला हलकं’ हा दावा कागदावर तपासू

दुकानदार सांगतो, प्लास्टिक अ‍ॅल्युमिनिअमपेक्षा जवळपास तीन पट हलकं. आकडा खरा आहे. अ‍ॅल्युमिनिअमची घनता साधारण २.७, यूएचएमडब्ल्यूची ०.९३ ते ०.९४.

पण गंमत अशी की दोन्ही प्लेटा एकाच जाडीच्या नसतात. अ‍ॅल्युमिनिअमची प्लेट साधारण ४.८ मिमी, म्हणजे ३/१६ इंचाची असते. प्लास्टिकची चांगली प्लेट ९.५ मिमी किंवा १२.७ मिमी, म्हणजे ३/८ किंवा अर्ध्या इंचाची.

आता एक चौरस मीटरचा हिशोब करा. ४.८ मिमी अ‍ॅल्युमिनिअम भरतं साधारण १३ किलो. अर्धा इंच प्लास्टिक भरतं साधारण १२ किलो. ३/८ इंच प्लास्टिक साधारण ९ किलो.

म्हणजे अर्धा इंची प्लास्टिक घेतलं तर वजनात वाचलं किलोभर. शिवाय जाड प्लेटमुळे जमिनीपासूनची उंची ८ मिमीने कमी झाली ती वेगळीच. वजन हे एकच कारण असेल तर प्लास्टिक घ्यायला ते पुरेसं नाही. ३/८ इंची प्लेटवर मात्र फरक जाणवतो.

उन्हाळ्यात प्लेट वाकडी का दिसते?

नवीन प्लेट बसवली, पहिला उन्हाळा आला आणि प्लेट मध्येच फुगली. दोन बोल्टच्या मध्ये लाट आली. लोकांना वाटतं माल खराब आला. खरं कारण बहुतेक वेळा बसवण्यात असतं.

तापमान वाढलं की सगळ्याच वस्तू प्रसरण पावतात. पण हे प्लास्टिक अ‍ॅल्युमिनिअमच्या सहा-सात पट किंवा त्याहून जास्त पसरतं. एक मीटर लांबीची प्लेट उणे ३० अंशांच्या थंडीतून ३५ अंशांच्या उन्हात आली तर तिची लांबी साधारण एक सेंटीमीटरने वाढते. तेवढ्याच फरकात अ‍ॅल्युमिनिअम जेमतेम दीड मिमी वाढतं.

आता ही एक सेंटीमीटरची वाढ जाणार कुठे? भोकं गोल आणि बोल्ट आवळून घट्ट बसवले असतील तर प्लेट फुगणार किंवा भोकाच्या कडेला ताण येणार. म्हणून चांगल्या प्लेटला लांबट भोकं असतात, बोल्टखाली रुंद वॉशर असतो आणि बोल्टचं डोकं प्लेटच्या आत बसलेलं असतं. बाहेर आलेलं बोल्टचं डोकं दगडावर घासून चपटं झालं की ऑइल बदलायच्या दिवशी तो बोल्ट कापूनच काढावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा : प्लेटच्या वर काय साचतंय?

प्लेट घेताना सगळे खालून येणाऱ्या दगडाचा विचार करतात. खरा धोका कधीकधी वरच्या बाजूला असतो.

पूर्ण पोट झाकणारी प्लेट लावली की ती एका ताटासारखी होते. त्यात चिखल येतो, वाळलेलं गवत येतं, पालापाचोळा येतो आणि तिथेच थांबतो. त्याच्या शेजारून जातो एक्झॉस्टचा पाईप. गाडी जोरात चालली की तो काहीशे अंशांपर्यंत तापतो. कोरडं गवत आणि तापलेला पाईप शेजारी आले की पुढे काय होऊ शकतं हे सांगायला नको.

अमेरिकेत हा विषय गंभीरपणे घेतला जातो. तिथल्या राष्ट्रीय जंगलांत इंजिनला ठिणगी अडवणारी जाळी, म्हणजे स्पार्क अरेस्टर असावा असा नियम आहे. जंगलाला एका ठिणगीने लागलेला वणवा त्यांनी खूप वेळा पाहिलाय.

गाड्यांना आग लागण्याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण पोलारिस कंपनीचं. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने आरझेडआर या गाड्या परत बोलावल्या, आकडा होता सुमारे १ लाख ३३ हजार. आगीच्या १६० पेक्षा जास्त घटना कंपनीकडे नोंदल्या गेल्या होत्या, त्यातल्या एका घटनेत १५ वर्षांच्या मुलीचा जीव गेला. दोष वेळेत कळवला नाही म्हणून एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. आरझेडआर ही शेजारी-शेजारी बसायची, स्टिअरिंगवाली मोठी गाडी आहे, हँडलवाली एटीव्ही नाही. आणि या आगींचा ठपका स्किड प्लेटवर नव्हता. पण इंजिन, एक्झॉस्ट आणि प्लास्टिक थोड्या जागेत कोंबलेल्या गाडीत उष्णता किती घात करू शकते, हे त्यातून दिसलं.

यूएचएमडब्ल्यू साधारण १३० ते १३५ अंशांना वितळायला लागतं, आणि सतत ८० अंशांच्या वर तापत राहिलं तर त्याचा कडकपणा जातो. शिवाय पॉलिथिन पेटलं की जळतं. अ‍ॅल्युमिनिअमच्या प्लेटवरही गवत साचतंच, तेही पेटू शकतं, पण प्लेट स्वतः सरपण होत नाही.

म्हणून कोरड्या गवताळ रानात गाडी चालवणाऱ्याने प्लास्टिक घेताना तीन गोष्टी बघाव्यात. एक्झॉस्टच्या जवळ प्लेट कापून जागा सोडली आहे का किंवा मध्ये हीट शील्ड आहे का, हे पहिलं. धुताना चिखल बाहेर पडेल इतकी मोठी भोकं आहेत का, हे दुसरं. आणि प्लेट पाच-दहा मिनिटांत काढता येते का, हे तिसरं. जी प्लेट काढायला अर्धा दिवस लागतो, ती कुणी काढत नाही आणि मग वर काय साचलंय हे कुणाला कळत नाही.

मग कोणी काय घ्यायचं?

खडकाळ आणि ओबडधोबड वाट असेल, गाडी वारंवार दगडावर टेकत असेल, तर यूएचएमडब्ल्यू. अर्धा इंच घेतलेलं बरं. तिथे सरकणं महत्त्वाचं.

चिखल, बर्फ आणि झाडांची खोडं असतील तर ३/८ इंची यूएचएमडब्ल्यू पुरतं. चिखल त्याला कमी चिकटतो, थंडीत तडकत नाही.

कोरडं गवत, भुसा, वाळलेला पाला जास्त असेल आणि गाडी तासन् तास तापत असेल, तर अ‍ॅल्युमिनिअमचा विचार करा. थोडी जास्त किंमत गेली तरी चालेल. इथे टॅरिफकडे बघून निर्णय घेणं महागात पडू शकतं.

धारदार, काचेसारख्या कडा असलेला दगड असेल तर प्लास्टिकवर चरे आणि खोल काप पडतात. वापरता येतं, पण प्लेट वर्षा-दोन वर्षांनी बदलायची वस्तू आहे हे धरून चालायचं.

आणि शेताच्या रस्त्यावरून घरी जाण्यापुरती गाडी असेल, तर कंपनीची प्लेट राहू द्या. पैसे हेल्मेटवर घाला. स्किड प्लेट गाडीचं पोट वाचवते, चालवणाऱ्याचं डोकं नाही.

खरं यूएचएमडब्ल्यू ओळखायचं कसं?

यूएचएमडब्ल्यूच्या नावाखाली साधं एचडीपीई गळ्यात मारलं जाऊ शकतं. एचडीपीई म्हणजे स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डाचं मटेरियल. वाईट नाही, पण झिजण्याच्या बाबतीत मागे आणि किंमतही कमी असायला हवी.

पहिली खूण बनावटीत आहे. यूएचएमडब्ल्यू तापवलं तरी पाण्यासारखं वाहत नाही, त्यामुळे ते नेहमीच्या साच्यात सहज ओतता येत नाही. त्याच्या शीट दाबून बनवतात, मग मशिनवर कापतात आणि गरम करून वाकवतात. त्यामुळे प्लेटला बारीक फासळ्या, नक्षी, कोरलेली अक्षरं साच्यातून निघाल्यासारखी असतील तर शंका घ्या.

दुसरी खूण उष्णतेची. कापताना उरलेला तुकडा दुकानदाराकडे मागा. मोकळ्या हवेत, हातात चिमटा धरून तापवला तर एचडीपीई वितळून ओघळतं. यूएचएमडब्ल्यू पारदर्शक, जेलीसारखं होतं, पण आकार धरून ठेवतं.

पाण्यात तरंगतंय का हे बघून काही कळत नाही. दोन्ही तरंगतात. बुडालं तर मात्र ते पॉलिथिनच नाही, एवढं नक्की.

रंगाचंही बघा. सतत उन्हात राहणाऱ्या गाडीला काळी प्लेट बरी. काळा रंग देणारं कार्बन ब्लॅक ऊन अडवतं. संरक्षण न दिलेलं पांढरं पॉलिथिन उन्हात हळूहळू ठिसूळ होतं.

याचा आपल्याशी काय संबंध?

आपल्याकडे एटीव्ही दिसते ती मुख्यतः अलिबाग, नागाव, काशीदच्या वाळूत. तिथे खडक कमी आणि खारं पाणी जास्त. त्या गाडीला दगडापेक्षा गंजाची भीती मोठी. अ‍ॅल्युमिनिअमची प्लेट आणि स्टीलचे बोल्ट खाऱ्या पाण्यात एकत्र आले की दोन धातूंच्या जोडीमुळे अ‍ॅल्युमिनिअम वेगाने खायला लागतं. प्लास्टिक गंजत नाही. पण प्लेटवर साचलेली ओली खारट वाळू गाडीच्या लोखंडी फ्रेमला चिकटून राहते, म्हणून रोज गोड्या पाण्याने धुणं तिथेही चुकत नाही.

आणि थार, जिम्नी किंवा हिमालयनवाल्यांनाही हाच हिशोब लागू होतो. प्लेट किती जाड यापेक्षा ती कशाला टेकते, किती पसरते आणि तिच्यावर काय साचतं हे विचारायचं.

टॅरिफमुळे धातू महाग होईल, उद्या कदाचित स्वस्तही होईल. भाव बघून प्लेट घेणारा माणूस एकदाच पैसे वाचवतो. आपली वाट बघून प्लेट घेणारा दर वेळी गाडी घरी आणतो. त्यामुळे कार्टमध्ये टाकण्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघा. तिथले ओरखडे दगडाचे आहेत, वर अडकलेलं गवत आहे की नुसता चिखल आहे? उत्तर तिथेच मिळेल.